डावा गुडघा

रविवार, २८ सप्टेंबर

आज जालन्याहून निजाम सरांचा फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता लेकीकडे हैदराबादला कायमचे चाललेत. नाजिया त्यांना एकटं राहू द्यायला तयार नाही. म्हणाले, "दिवाळीनंतर इथला वर्ग कोणाच्या तरी हाती द्यावा म्हणतो, बेटा."

कोणाच्या तरी. हे दोन शब्द दिवसभर कुसळासारखे रुतून बसलेत. सर उर्दू शाळेतले ड्रिल मास्तर, म्हैसूरला जाऊन अष्टांग योग शिकून आले म्हणून लोक त्यांना हसायचे, तेव्हापासून मी अंबडहून पहाटेच्या एसटीनं त्यांच्याकडे जायची. त्यांच्या हाताखाली शिकून स्वतःचा वर्ग चालवणारी मी एकटीच. मंग सरळ "तुझ्या हाती" म्हणायला काय जातं?

हे खाली दुकानात मोटारीचं वायंडिंग करत बसले होते. सांगितलं तर मान वर न करता म्हणाले, "तुलाच देतील की. दुसरं हाय कोण?"

दुसरं कोण आहे ते मला माहीत आहे. रोज सकाळी दुकानावरच्या माझ्याच हॉलमध्ये येऊन बसते.

मंगळवार, ३० सप्टेंबर, अष्टमी

सराव झाल्यावर वर्गातल्या सगळ्या बायका मत्स्योदरी देवीला गेल्या. मला चला म्हणाल्या. उपवासानं पित्त झालंय म्हणून सांगितलं. पायऱ्या चढणं होतं, उतरणं नको वाटतं. डावा गुडघा उन्हाळ्यापासून कुरकुर करतोय. पद्मासनात एकदा जरा जास्त जोर लावला, बाकी काही नाही. कोणाला कळलेलं नाही आणि कळायचं कारणही नाही. योग शिकवणारीचाच गुडघा दुखतो म्हटल्यावर उद्या माझ्याकडे कोण येईल?

शिवकन्या पण गेली नाही. तिची ड्यूटी होती. ती आमच्या अंबड डेपोला कंडक्टर आहे. पहिली जालना गाडी तिची असते, म्हणून सगळ्यांच्या आधी येते. तेव्हा माझा स्वतःचा सराव चालू असतो. कोपऱ्यात मांडी घालून बसते आणि माझ्याकडे टक लावून बघत राहते. डोळ्याची पापणी हलत नाही. काय बघते एवढं? माझं कुठं चुकतंय ते शोधत असणार. आज मला घामच फुटला आणि तोल गेला.

अंग म्हणजे नुसतं रबर आहे तिचं. मी जे वर्षानुवर्षं घासून मिळवलं ते हिला आठवड्यात येतं. पण त्यात तिची काय कमाई? चालत्या गाडीत, काही न धरता, दिवसभर तिकिटं फाडत उभी राहिली की कोणाचंही अंग सुटेल.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

गोपिकाबाई आमच्या वर्गात वयानं सगळ्यात मोठ्या. अंगणवाडीतून रिटायर झाल्या, पण तोंड रिटायर झालेलं नाही. आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, द्या की त्या पोरीला कासव. किती दिवस दारात उभी करून ठेवता?"

कासव म्हणजे कूर्मासन. आमच्या पद्धतीत आसनं ठरलेल्या क्रमानं येतात. एक पक्कं झाल्याशिवाय गुरू पुढचं देत नाही, आणि दिल्याशिवाय शिष्यानं ते करायचं नाही. सरांनी मला असंच शिकवलं. कूर्मासनाच्या अलीकडे मला त्यांनी किती ताटकळत ठेवलं होतं ते गोपिकाबाईंना काय माहीत. त्याच्या पुढचं सुप्त कूर्मासन, पाय मानेच्या मागं नेऊन आडवे टाकायचे, ते मला अजून सरांनी हातानं पाय आणून दिल्याशिवाय जमत नाही.

मी शांतपणे म्हणाले, "तिची मागची उडी शुद्ध नाही. शुद्ध झाली की देईन."

आणि हे खोटं नाही. प्रत्येक बसलेल्या आसनानंतर हात टेकून अंग उचलायचं आणि दोन्ही पाय एकदम मागं फेकायचे, ही उडी. शिवकन्या नेमकी तिथं डावा गुडघा टेकवते. आधी टेकवत नव्हती, मध्येच काय बिघडलं कोण जाणे. कितीदा सांगितलं, दोन्ही पाय संगं. हो ताई म्हणते आणि पुन्हा तेच. खरं सांगायचं तर तिचा गुडघा टेकला की मला बरं वाटतं. एवढी एक जागा सोडली तर तिच्यात नाव ठेवायला काही सापडत नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर, पौर्णिमा

पौर्णिमेला सराव नसतो. अंग मोकळं होतं, पण डोकं नाही.

संध्याकाळी एरंडाचं पान गरम करून गुडघ्यावर बांधलं. हे बघत होते. म्हणाले, "दवाखान्यात का जाईना तू? जिना उतरताना कठडा धरून राह्यली, मला दिसत न्हाई का?"

मी म्हटलं, "उगं काहीतरी. साडीत पाय अडकतो."

"साडी तर तू नेसतच न्हाईस सकाळची."

मी विषय बदलला. शिवकन्या कशी टक लावून बघते ते सांगितलं. हे हसायलाच लागले. "तू त्या लेकरावर जळून राह्यली, दैवशाला. बिलकुल सरळ सांगतो."

जळायला माझं काय अडलंय? मी तिची गुरू आहे. गुरू शिष्यावर कशाला जळेल? मी फक्त पद्धत पाळते. यांना मोटारीच्या तारा कळतात, माणसं कळत नाहीत. रागानं मी त्यांच्या ताटात भाजी वाढलीच नाही. ते चटणीसोबत जेवले, वर अजून एक भाकरी मागितली, त्याचा अजून राग आला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

कळलं ते असं. शिवकन्या जालन्याला गाडी उभी असताना सरांच्या घरी जाऊन आली. त्यांच्या पाया पडली. मला न विचारता.

तिनंच येऊन सांगितलं, वर आनंदानं. "ताई, तुमच्या सरांना भेटून आल्ते. डोळ्याला पट्टी होती. तुमचं नाव घेतलं तर जवळ बसवलं. चहा पाजला."

मी विचारलं, "अजून काय म्हणाले?"

"काय काय करतीस ते विचारलं. म्या सांगितलं, कासवाच्या अलीकडे थांबवलंय. तर नुसतंच हूं म्हणाले."

हूं. सरांचं हूं मला चांगलं माहीत आहे. चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी दिवसभर मी बेचैन. हिला माझ्या डोक्यावरून सरांपर्यंत जायचं होतं, गेली. बोट दिलं की हात धरते म्हणतात ती हीच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आज नवीनच पाहिलं. नुसती शिवकन्या नाही, वर्गातल्या निम्म्या बायका उडी मारताना डावा गुडघा टेकवायला लागल्यात. अक्षता तर कॉलेजची पोरगी, तिचे गुडघे लोखंडाचे, तीसुद्धा. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो तो असा.

मी वर्ग थांबवला. सगळ्यांसमोर म्हटलं, "शिवकन्येचं बघून तुम्ही बिघडून राह्यल्या. ज्याचं अजून पक्कं नाही त्याची नक्कल करू नये."

शिवकन्येची मान खाली गेली. गोपिकाबाई म्हणाल्या, "आम्ही तिचं कुठं बघतो, ताई? आम्ही तर..."

"गोपिकाबाई, सरावात बोलायचं नाही," मी म्हटलं. मीच करून दाखवते म्हणून समोर बसले आणि उडी मारून दाखवली. हळू मारली, सगळ्यांना नीट दिसावी म्हणून. सगळ्या अगदी बारकाईनं बघत होत्या. त्यानंतरही तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी सरांचा फोन. दिवाळी झाली की एका रविवारी ये म्हणाले, आणि येताना "त्या कंडक्टर मुलीला" घेऊन ये. दोघींचा सराव बघायचा आहे.

झालं. एकीला वर्ग द्यायचा असेल तर दोघींना कशाला बोलावतात?

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी आली आणि गेली. करंज्या यावेळी तेलात फुटल्या.

आजपासून मी माझ्या सरावाच्या वेळी दाराला आतून कडी लावते. शिवकन्या आली, दार ढकललं, बंद दिसलं, आणि परत खाली गेली. मला वाटलं घरी गेली. नंतर दार उघडलं तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर खाकी गणवेशाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. यांनी तिला चहा दिला होता. यांना कोणी सांगितलं होतं चहा द्यायला?

वर येताना म्हणाली, "ताई, आज तुमचा सराव बघायचा राहून गेला."

"बघण्यासारखं काही नसतं," मी म्हणाले.

"असं कसं? म्या तर तेवढ्यासाठीच जल्दी येते."

तोंडावर गोड बोलायला कंडक्टरला शिकवावं लागत नाही. दार मी उद्याही बंदच ठेवणार होते, पण उद्या शनिवार, सुट्टीचा. मंग रविवारपासून.

रविवार, २ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहायचं ठरवलंय.

शिवकन्येची आज साप्ताहिक सुट्टी. तिच्याच डेपोच्या गाडीनं जालन्याला गेलो. ड्रायव्हर, कंडक्टर सगळे तिला ओळखतात. ती सगळ्यांना सांगत होती, "ह्या माझ्या ताई, मला शिकवतेत." मी खिडकीबाहेर बघत होते.

सरांच्या गच्चीवरची तीच पत्र्याची शेड. सर काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेले. म्हणाले, "मला अजून बराबर दिसत नाही. डोळे मिटूनच ऐकतो. तुम्ही करा." दोघींच्या सतरंज्या शेजारी शेजारी टाकल्या आणि सरांनी मोजायला सुरुवात केली, एकम्, द्वे, त्रीणि, तोच खर्जातला आवाज.

उभी आसनं चांगली गेली. बसल्यावर मी सगळा जीव एकवटला. गुडघ्यात कळ येत होती, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. शेजारी शिवकन्या गुडघा टेकवत होती, तो आवाज मला येत होता, आणि मी मनात म्हणत होते, ऐका सर, नीट ऐका.

मध्येच सर मोजायचे थांबले. "शिवकन्या बेटा, मागं जाताना एक ठप् जास्त येतो. गुडघा का टेकवतेस?"

मी श्वास रोखला. ती सरळ बसली आणि म्हणाली, "सर, टेकवायचाच असतो ना? ताई डावा गुडघा हळूच टेकवतेत अन् मंग पाय नेतेत. आधी माझे दोन्ही पाय एकदमच जायचे, चुकायचं. मंग रोज सकाळी बघून बघून शिकले. पण ताईंचा आवाज येत न्हाई. माझा अजून येतो."

सर खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "तिचाही येतो. दोन्ही सतरंज्यांवरून एकच आवाज येऊन राह्यला. मी कधीचा ऐकतोय."

मी खाली बघितलं तर माझा डावा गुडघा सतरंजीवर टेकलेला होता. मी तो उचलला.

शिवकन्या एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत होती. तिला कळेना काय चुकलं. "पण ताई तर दोन्ही पाय संगं म्हणतात," ती म्हणाली, "म्हणजे गुडघ्यानंतर संगं, असं म्या धरलं." सरांनी तिला चहा सांगायला खाली पाठवलं.

"कधीपासून दुखतो?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"मला का सांगितलं नाही?"

"वर्ग दुसऱ्या कोणाला द्याल म्हणून."

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, डॉक्टरनी डोळ्याला हात लावू नका सांगितलंय तरी. "वर्ग तुझाच होता, पगली. आजही तुझाच आहे. त्या मुलीला बोलावलं ते तुझं शिकवणं ऐकायला. शिष्य ऐकला की मास्तर कळतो. तू काय शिकवलंस बघ, तुझं दुखणंसुद्धा तिनं आसन समजून पाठ केलं."

मी रडले नाही. रडायला पाहिजे होतं.

मग त्यांनी मला थांबवलं. आम्ही शिष्याला थांबवतो तसंच. उद्यापासून फक्त उभी आसनं. बसून काही करायचं नाही, पद्मासनाचं नाव काढायचं नाही, आधी डॉक्टर. मी म्हटलं, "मग जालन्याच्या वर्गाला करून कोण दाखवणार?"

"जी बराबर तुझ्यासारखं करते ती. रविवारी तिला सुट्टी असते ना? तू बोल, ती करेल."

"सर, तिला मी कूर्मासन दिलेलं नाही."

"का?"

उत्तर माझ्याजवळ होतं. गुडघा टेकवते म्हणून. मी सतरंजी गुंडाळायला लागले. तेवढ्यात शिवकन्या चहा घेऊन आली, आणि पहिला कप तिनं माझ्यापुढं धरला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दाराची कडी काढून ठेवली. ती आली आणि कोपऱ्यात बसली. मी उभी आसनं केली आणि थांबले. एवढ्या लवकर सराव संपल्यावर बाईमाणसानं काय करायचं ते मला कळेना. सतरंजीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

शिवकन्या म्हणाली, "ताई, लई दुखतो का?" रात्रभर झोपली नसावी. डोळे सुजलेले. "म्या तुमच्या दुखण्याची नक्कल करून राह्यले अन् मला कळलं न्हाई. मला माफ करा."

ही माझी माफी मागते. हे तर मला कुठं ठेवावं तेच कळेना. "जा, गाडी चुकेल तुझी," एवढंच म्हणाले.

बुधवार, ५ नोव्हेंबर, पौर्णिमा

हाडाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. गुडघ्यातली गादी फाटलीय थोडी. ऑपरेशन नको, पण जोर द्यायचा नाही. हे दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसले होते. तुला सांगत होतो असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

घरी आल्यावर मीच विचारलं, "तुम्हाला दिसत होतं ना, मी गुडघा टेकवते ते?"

"वर्गाच्या टायमाला खाली ऐकू येतं की. वर छतावर ठप् ठप्. मला वाटलं तुमच्यात तसंच असतंय."

म्हणजे यांनाही. अख्ख्या अंबडला ठाऊक होतं, एक मी सोडून. गोपिकाबाई सांगायला गेल्या तर त्यांना मीच गप्प केलं होतं.

आज जळण्याबद्दल खरं लिहिते. गुडघ्याचं सगळं कळूनही जळणं गेलेलं नाही. मला वाटलं होतं जाईल. उलट आता जास्त आहे, कारण तिच्यात जी एक चूक होती तीसुद्धा माझीच निघाली. तिची स्वतःची अशी एकही नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

जालन्यातला पहिला वर्ग. सर खुर्चीत, चष्मा लावून. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि मुठीवर थोपटलं. एवढ्यासाठी मी दीड महिना जीव टांगून घेतला होता. किल्ली गार होती आणि तिला तुटका लाल दोरा बांधलेला होता, बाकी काही वाटलं नाही.

मी उभी राहून मोजत होते. शिवकन्या समोर करून दाखवत होती. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. कासवाच्या अलीकडचं भुजपीडासन झालं आणि ती नेहमीसारखी थांबली. हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत बसली. आज कूर्मासन मिळेल असं तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. तिनं कधी मागितलंही नव्हतं.

मी म्हणाले, "पाय पसर. हात गुडघ्यांखालून बाहेर काढ. पुढं झुक."

ती झुकली. हनुवटी जमिनीला टेकली, पहिल्याच वेळी. मी तिथंच थांबवू शकले असते. पण सर ऐकत होते, आणि खरं म्हणजे मलाही बघायचं होतं. म्हणून पुढचंही सांगितलं, सुप्त कूर्मासन. पाय आणून द्यायला वाकले, तर माझे हात पोचायच्या आधीच तिचे पाय तिच्या मानेमागं आडवे पडलेले. मी हात मागं घेतले. खालून बारीक आवाज आला, "ताई, बराबर हाय का?"

मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. चूक शोधली. मिळाली नाही.

"बराबर आहे," मी म्हणाले. सरांनी खुर्चीत नुसती मान हलवली.

मग ती बाहेर आली, हात टेकले, अंग उचललं आणि मागं उडी मारली. आठवडाभर मी तिला सांगतेय, दोन्ही पाय संगं, आता गुडघा नाही. पण आसन मिळाल्याच्या आनंदात ती विसरली असणार. डावा गुडघा हळूच टेकला आणि मग पाय मागं गेले. ठप्. मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी लगेच तसंच केलं.

सरांनी ऐकलं. माझ्या दिशेनं मान वळवली. मी तिला सांगेन म्हणून सर वाट बघत होते.

मी पुढचा आकडा मोजला. उद्या सांगेन तिला. आजच्या दिवस राहू दे.